श्वास सोडल्यानंतरचं माप

ज्या दिवशी मास्तरांना कळलं की आपलं दुकान कायमचं बंद झालं आहे, त्या दिवशी ते दुकानातच बसले होते. मशीन चालू होतं, इस्त्री तापली होती आणि मास्तरांच्या ओठांत चार टाचण्या होत्या. दारात एक अनोळखी गृहस्थ येऊन उभा राहिला. काखेत पिशवी, पिशवीत पँट. त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं, वर पाटीकडे पाहिलं, आणि पुन्हा फोनकडे पाहिलं.

"हे बंद झालंय," तो म्हणाला.

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "काय बंद झालंय?"

"दुकान. कायमचं." त्याने फोन पुढे केला. त्यावर मास्तरांच्याच दुकानाचा पत्ता होता आणि खाली लाल अक्षरांत तसं चक्क लिहिलं होतं.

"अहो, पण मी इथे बसलोय ना."

गृहस्थाने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. त्या नजरेत अविश्वास असता तर मास्तरांनी तो सहन केला असता. तिच्यात सहानुभूती होती. "नाही, ते ठीक आहे," असं काहीतरी पुटपुटून तो पिशवीसकट निघून गेला. मास्तर बराच वेळ दाराकडे बघत राहिले. इस्त्रीखालच्या कोटाचा वास आल्यावर ते भानावर आले.

आता मास्तरांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं ते दुसऱ्या कुठल्या शिंप्याच्या हातून घडलं नसतं. मास्तरांचा धंदा म्हणजे पँटी आणि कोट नवे शिवणं आणि जुने सैल करणं. घट्ट करून घ्यायला फारसं कोणी येत नसे. दुकानाच्या कोपऱ्यात एक पडदा होता, आणि त्या पडद्याआड मास्तरांनी जे पाहिलं ते तीस वर्षांत पडद्याबाहेर आलं नव्हतं. सगळ्या गल्लीचा त्यांच्यावर विश्वास होता तो त्यासाठी. शिलाई काय, दुसराही कोणी घालून देईल.

पण लक्षात ठेवायचं तर कुठेतरी लिहावं लागतं. मास्तरांची एक जाड मापाची वही होती. तिच्यात मापाशेजारी ते शेरा लिहीत. वहीत कोणाचंही नाव नव्हतं, कारण मास्तर गिऱ्हाइकांना धंद्यावरूनच ओळखत. आणि नाव नाही म्हणजे गुपित सुरक्षित, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्या गल्लीत बँक मॅनेजर एकच आहे आणि मुख्याध्यापिका एकच आहेत, हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आलेला नव्हता.

वहीच्या जोडीला लेबलांचे डबे होते. पँटच्या आत कमरेशी आकड्याचं लेबल असतं ते. अडतीस कमरेच्या माणसाने आयुष्यभर चौतीस सांगितलं असेल, तर मास्तर अडतीसची पँट शिवत आणि आत चौतीसचं लेबल लावत. माणूस आरशात बघून खूश, मास्तर त्याला बघून खूश. यात फसवणूक होती असं त्यांना कधी वाटलं नाही. लेबलं, हूक, काजं आणि बटणं हे हातशिलाईचं काम बायकोकडे होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता, आणि खिडकीशी बसून ती हे काम करत असे. या सगळ्यात मास्तरांना एकच तक्रार होती. बत्तीसचा डबा फार लवकर संपायचा. गल्लीत बत्तीस कमरेचा माणूस एकच, आणि तो म्हणजे स्वतः मास्तर. लग्नात बत्तीस होती, आजही बत्तीस. "कंबर ही शिस्तीची गोष्ट आहे," असं ते मापं घेताना हळूच म्हणत. लेबलांचा घाऊक व्यापारी डबा कमी भरतो, असा त्यांचा पक्का संशय होता.

असो. दुकान मेल्याची बातमी ऐकून रविवारी भाची आली. ती एका कचेरीत, लोकांनी लोकांसमोर कसं यावं हे लोकांना शिकवण्याचं काम करत असे.

"मामा, तुमचं प्रोफाइल नाहीये. प्रोफाइल नाही म्हणजे तुम्ही नाही."

"मग ही सर्दी कोणाला झालीय?" मास्तरांनी विचारलं.

भाचीने उत्तर न देता फोन मागितला. मास्तरांचा फोन बटणांचा होता. त्याच्यावर फक्त बोलता येत असे. तेव्हा मामीचा फोन घेतला, मामीचाच नंबर टाकला, आणि यापुढे काहीही बदलायचं तर त्या नंबरावर एक कोड येईल, असं भाचीने सांगितलं. मामीने हुकात दोरा ओवता ओवता मान हलवली. हा तपशील त्या वेळी कोणालाही महत्त्वाचा वाटला नाही.

फॉर्म भरताना नाकी नऊ आले. व्यवसायाच्या यादीत सौंदर्य होतं, वाहनं होती, पाळीव प्राणी होते, शिंपी नव्हता. शेवटी 'फॅशन' खाली घुसायला जागा मिळाली, तर फॅशनवाल्यांना वेगळे प्रश्न. 'तुमच्या ग्राहकाची खरी वेदना कोणती?' मास्तरांनी विचार करून सांगितलं, "बसलं की कमरेत रुततं." भाचीने त्याऐवजी काहीतरी आत्मविश्वासाबद्दल लिहिलं.

एव्हाना शेजारचे चष्मेवाले येऊन टेकले होते. चष्मेवाल्यांचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं, आणि स्वतःचं गिऱ्हाईक नसलं की ते मास्तरांना सल्ला देत. त्यामुळे सल्ल्याला खंड नसे.

"फोटो पाहिजे," ते म्हणाले. "लोक वाचत नाहीत, बघतात. बघण्यातलं मला कळतं."

"कामाची जागा दिसली पाहिजे," भाची म्हणाली. "खरी, जिवंत."

मास्तरांनी कापायच्या टेबलावर सगळं मांडलं. मोठी कातर, टेप, खडू, बोटात घालायचं अंगुस्तान, लेबलांचे डबे. मधोमध वही ठेवली. बंद ठेवली तर दुकानही बंद असल्यासारखं वाटेल, नुकतीच ती आफत येऊन गेली होती, म्हणून त्यांनी वही उघडली. पानं उलटून उलटून त्यातल्या त्यात सुवाच्य अक्षराचं पान निवडलं. मागे स्वतः ताठ उभे राहिले.

"चष्मा काढा, चमकतोय," चष्मेवाले म्हणाले.

मास्तरांनी चष्मा काढला. त्यामुळे फोटो काढून झाल्यावर तो त्यांना दाखवला तेव्हा त्यांना एक प्रसन्न धूसर माणूस आणि एक प्रसन्न धूसर टेबल दिसलं. भाची म्हणाली, "बघा मामा, धागा न् धागा दिसतोय." मास्तरांना फार बरं वाटलं.

पण प्रोफाइल लगेच दिसणार नव्हतं. आधी मास्तर खरे आहेत याची पडताळणी व्हायची होती. मंगळवारी सकाळी मामीच्या फोनवर एका अधिकारी बाईंचा चेहरा उमटला.

"दुकान तुमचं असल्याचं सिद्ध करा. बाहेर जाऊन दाराला कुलूप लावा आणि तुमच्या किल्लीने उघडून दाखवा."

अडचण अशी होती की त्या क्षणी पडद्याआड बँक मॅनेजर उभे होते. त्यांची पँट मास्तरांच्या मशीनवर होती, म्हणजे मॅनेजर पँटीशिवाय होते. सरकारी वाटावा असा बाईंचा आवाज ऐकून मास्तर गडबडले, बाहेर गेले आणि शटर ओढून कुलूप लावलं. आत अंधार झाला. आतून आवाज आला, "मास्तर? मास्तर, लाईट गेली का?"

"आत कोण आहे?" बाईंनी विचारलं.

मॅनेजर विनापँट आहेत हे मास्तर परक्या बाईला सांगणार? जीव गेला तरी नाही. "आत कोणी नाही," ते म्हणाले.

"मास्तर, माझी मीटिंग आहे," आतून कोणी नाही ते ओरडलं, आणि शटरवर थापा पडू लागल्या. घाईत मास्तरांनी किल्ली उलटी घातली. ती निघेना. बाई शांतपणे काहीतरी टिपून घेत होत्या. 'आवारात व्यक्ती कोंडलेली आढळली. अर्ज पुनर्विचारार्थ,' असा निरोप मग मामीच्या फोनवर आला. मॅनेजर मीटिंगला उशिरा पोहोचले, पण जाताना मास्तरांचा हात दाबून म्हणाले, "तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत. विसरणार नाही मी." हे हात दाबणं मास्तरांना पुढे फार आठवलं.

दुसरी पडताळणी पाटीवरचं रंग उडालेलं अक्षर वाचता न आल्याने गेली. तिसरी पार पडली. आणि अकराव्या दिवशी सकाळी चष्मेवाले आपला फोन नाचवत आत शिरले.

"मास्तर, तुम्ही जिवंत झालात. काल संध्याकाळपासून चारशे लोकांनी बघितलंय."

चारशे. मास्तरांच्या दुकानात तीस वर्षांत एका वेळी चार माणसं मावली नव्हती. त्यांनी बायकोला हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. हातात काम असेल, असं त्यांना वाटलं.

"खाली लोकांनी लिहिलंयही," चष्मेवाले म्हणाले. "एक जण म्हणतोय, 'दोन बोटांनी मोठं करून बघा.' दुसरा म्हणतोय, 'हवा कशी आहे आज?' तिसराही हवेचंच विचारतोय. लोकांना हवेचं काय पडलंय?"

मास्तरांच्या मनात कुठेतरी एक टाचणी टोचली, पण ती कुठे टोचली हे त्यांना कळेना. तेवढ्यात दारात मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. त्या सरळ आत आल्या. आरशासमोर येऊन उभ्या राहिल्या, स्वतःकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"कशाची, बाई?"

"माझा उजवा खांदा. मी रोज हजार मुलांना सरळ उभं राहायला सांगते, मास्तर. रोज." आणि त्या खांदा चाचपत निघून गेल्या. आज तो खरोखरच थोडा खाली दिसत होता.

मास्तरांनी चष्मा चढवला आणि ते म्हणाले, "मोठं करा."

चष्मेवाल्यांनी फोटोवर दोन बोटं ठेवली आणि फाकवली. कातर मोठी होत बाजूला गेली, टेप गेली, मास्तरांचं हसू गेलं. पडदाभर वही आली. धागा न् धागा दिसत होता, हे भाचीचं म्हणणं अगदी खरं होतं.

चष्मेवाल्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'मुख्याध्यापिका. उजवा खांदा पाव इंच उतरता. आतून पॅड घालावं, सांगू नये.' अरे वा. 'बँक मॅनेजर. सांगतात चौतीस, आहेत अडतीस. माप घेताना श्वास धरतात. हवेबद्दल विचारावं, उत्तर द्यायला श्वास सोडतात, तेव्हा टेप वाचावी.'" चष्मेवाल्यांना हसू आवरेना. त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला. "कमाल आहे तुमची. पुढे काय? 'चष्मेवाले. पँटला आतून चोरखिसा, बिस्किटांसाठी. डॉक्टरांनी गोड बंद केलंय. घरी कळू...'"

ते थांबले. भिंतीपलीकडून, त्यांच्या दुकानातून, त्यांच्या पत्नीचा आवाज आला. तिने त्यांना हाक मारली होती, नुसती हाक, पण चष्मेवाल्यांचा चेहरा खडूसारखा झाला. फोन तिथेच टाकून, एक हात कमरेशी दाबून धरत ते आपल्या दुकानात गेले.

मास्तर स्टुलावर बसले. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. काही चोरलं नव्हतं, कोणाला फसवलं नव्हतं, आणि तरी गल्लीतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी चारशे लोकांसमोर पडद्याबाहेर उभं केलं होतं. पँटीशिवाय.

दुपारपर्यंत माणसं येत राहिली. भांडायला कोणी आलं नाही, हे सर्वांत वाईट. लोक येत, शिवायला टाकलेलं कापड मागत, घडी घालत आणि जात. फक्त औषधवाले तावातावाने आले. त्यांनी काऊंटरवर हात आपटला.

"तेवीस वर्षं मी तुमच्याकडे शिवतोय. त्या पानावर मी कुठे आहे?"

"तुम्ही मागच्या पानावर आहात," मास्तर क्षीणपणे म्हणाले.

"मागच्या?" औषधवाले म्हणाले. "सगळी गल्ली पुढच्या पानावर आणि मी मागच्या?" तेही कापड घेऊन गेले.

बँक मॅनेजर जेवणाच्या सुट्टीत आले. ते पडद्याशी जाऊन उभे राहिले, पडद्याला हात लावला नाही.

"बावीस वर्षं तुम्ही मला हवेचं विचारताय," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्हाला माझं मत हवं असतं. मी यायच्या आधी पेपरात बघून यायचो." एवढं बोलून ते गेले. सैल करायला टाकलेली त्यांची पँट मशीनवरच राहिली. ती मागायचंही त्यांना सुचलं नाही, किंवा नकोच झाली असेल.

मास्तरांना रडू आलं. ते दडवायला त्यांनी बटणांच्या फोनवरून भाचीला फोन लावला. भाची कुठल्याशा प्रशिक्षणात होती, पण तिने घाईघाईत सांगितलं, "मामा, फोटो काढता येतो. चष्मेवाल्यांच्या फोनवरून प्रोफाइल उघडा, 'काढून टाका' दाबा, मामीच्या फोनवर कोड येईल, तो टाका. बास." मास्तरांनी दाबलं. तेवढ्यात फोनने स्वतःहून कळवलं, 'अभिनंदन! तुमचा फोटो लोकप्रिय होत आहे.' मग कोड मागितला. मास्तरांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत गेले.

बायको खिडकीशी बसली होती. मांडीवर कोट, कोटावर तिचा फोन. फोन नुकताच वाजलेला दिसत होता.

"अगं, कोड आलाय का?"

"आलाय."

"सांग लवकर. माणसं तोडून चाललीत."

तिने फोन उचलून दाखवला. त्यावर तेच पान होतं, पण खालपर्यंत सरकवलेलं. अगदी शेवटची ओळ. मास्तरांना ती वाचायची गरज नव्हती, त्यांनीच लिहिली होती. 'घरचे. कमरेला दर वर्षी पाव इंच सोडणे. विचारल्यास तेच माप म्हणणे. सांगू नये.'

"मी दर वर्षी विचारायचे," ती म्हणाली. "आणि तुम्ही दर वर्षी टेपकडे बघून म्हणायचात, तेच आहे. मी बहिणीला सांगायचे, माझं माप लग्नापासून बदललेलं नाही. ती हसायची. मला वाटायचं, जळते."

मास्तरांना दिवसभर बसलेले सगळे धक्के आता किरकोळ वाटू लागले. बाहेरची गल्ली हातची गेली तर दुसऱ्या गल्लीत दुकान टाकता येईल, पण या खिडकीशी बसणारं माणूस दुसरीकडे मिळत नाही, हे त्यांना त्या क्षणी अगदी लख्ख कळलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुला वाईट वाटू नये म्हणून. दुसरं काही नव्हतं गं मनात."

"टेप आणा," ती म्हणाली. "आधी माप. खरं. मग कोड."

मास्तरांनी टेप आणली. माप घेतलं आणि खरा आकडा सांगितला. सांगताना डोळे मिटले.

"बरं," ती म्हणाली. तेवढंच. मग तिने टेप त्यांच्या हातातून घेतली. "आता तुम्ही."

"माझं काय? माझी बत्तीस आहे."

"हात वर करा."

मास्तरांनी हात वर केले. टेप कमरेभोवती आली. मास्तर ताठ झाले, छाती पुढे आली.

"काय हो," ती म्हणाली, "आज हवा कशी आहे?"

"चांगली आहे की," मास्तर म्हणाले, आणि बोलताना श्वास सुटला. टेपवरचा तिचा अंगठा थांबला. मास्तरांनी खाली वाकून पाहिलं. सदतीस. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टेप त्यांचीच होती, आकडेही त्यांचेच होते.

मग त्यांनी आपल्या पँटची कड उलटून पाहिली. आत बत्तीसचं लेबल होतं, बारीक, देखण्या टाक्यांनी लावलेलं. शेजारी जुन्या टाक्यांच्या खुणा होत्या, म्हणजे हूक सरकवलेला होता. एकदा नव्हे, पुष्कळदा. मागची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, आणि इतकी सफाईने की तीस वर्षं मुरलेल्या शिंप्याला ती दिसली नव्हती. बत्तीसचा डबा कुठे जात होता ते त्यांना कळलं. घाऊक व्यापाऱ्याची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

"कधीपासून?"

"तिसऱ्या वर्षापासून. धुवायला टाकलीत की मी सैल करायचे आणि नवं लेबल लावायचे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमच्याच वहीत आहे ना," ती म्हणाली. "सांगू नये."

तिने कोड सांगितला. मास्तरांनी एकेक आकडा दाबला. फोटो गेला. त्या जागी एक राखाडी चौकोन उरला आणि खाली 'उघडे आहे' अशी हिरवी अक्षरं. तिने वही मागून घेतली, त्या पानाच्या तळाशी एक नवी ओळ लिहिली आणि वही मिटली. ती ओळ बघायचं धाडस मास्तरांना झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी शटर वर केलं तेव्हा दारात बँक मॅनेजर उभे होते. "पँट राहिली," ते म्हणाले. मास्तरांनी पँट पुढे केली. मॅनेजरांनी ती घेतली, पण गेले नाहीत.

"कमरेला अजून होते का बघा," ते शेवटी म्हणाले, आणि पडदा सारून आत गेले. त्यांनी हात वर केले. श्वास धरला नाही. हे किती अवघड आहे ते मास्तरांना कालपासून माहीत होतं. टेपवर एकोणचाळीस आले. मास्तर वही न उघडता उभे राहिले.

"मॅनेजरसाहेब," ते म्हणाले, "माझी सदतीस आहे."

मॅनेजर वळले. त्यांनी मास्तरांच्या कमरेकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तुमची तर बत्तीस ना?"

"लेबल बत्तीसचं आहे."

बाहेरून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला. त्या आत कोणी आहे का असं विचारत होत्या. मास्तर पडद्यातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "आत कोणी नाही, बाई. पाच मिनिटं बसा." मॅनेजरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. त्यांनी हात पुन्हा वर केले.

"पुन्हा घ्या माप," ते म्हणाले. "आणि हवेचं विचारा की. मी पेपर बघून आलोय."

मास्तरांनी हवेचं विचारलं. टेप त्यांनी खिशात ठेवून दिली आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं.